एप्रिलचा चौथा सोमवार

पेंब्रुक, अलाबामा
६ फेब्रुवारी २०२३

प्रिय लुवेनिया,

तुझा क्लीव्हलंडचा पत्ता मी रेव्हरंड टॉल्बर्टकडून मागून घेतला. द्यायला ते आढेवेढे घेत होते. "तिनं कुणाला द्यायला सांगितलेलं नाही," म्हणाले. मी म्हटलं, बावीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्लाय, मी काही 'कुणी' नाही. तेव्हा कुठे दिला. त्यांच्यावर रागावू नकोस.

पत्राला निमित्त तुझा निळा स्वेटर. कोर्टाच्या ऑफिसातलं मधलं कपाट रंगाऱ्यांनी हलवलं तेव्हा मागे सापडला. तू रिटायर झालीस त्याला पाच वर्षं होतील, म्हणजे तितकी वर्षं तो तिथं पडून असणार. धुऊन पाठवते आहे. बरोबर तुझ्या नातीसाठी, इमानीसाठी, रंगांची पेटी आहे. मार्चमध्ये सहा पूर्ण होतील ना तिला? तुझी जॅनेल त्या वयाची असताना शाळा सुटली की आपल्या काउंटरखाली बसून अभ्यास करायची आणि माझ्या लाल पेन्सिली पळवायची, ते आठवलं म्हणून रंगच घेतले.

इथं सगळं तसंच आहे. माझा गुडघा तसाच आहे. जज हॉलिस तसेच आहेत, अजूनही स्वतःची कॉफी स्वतः ओतून घेत नाहीत. तुझ्या खुर्चीवर जी नवी मुलगी आली आहे तिला फाइल लावता येत नाही, पण नखं सुरेख रंगवता येतात.

एक मात्र नवीन आहे. एप्रिलच्या सुट्टीवरून गावात जुंपली आहे. टॉल्बर्टनी काउंटी कमिशनकडे अर्ज दिलाय की चौथ्या सोमवारी, यादवी युद्धातल्या आपल्या दक्षिणेच्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, कोर्टहाऊसला कुलूप लावू नये. राज्याला सुट्टी द्यायची तर देऊ दे, पेंब्रुकचं दार पेंब्रुकनं उघडावं. अर्जात जॅनेलचं नाव आहे. तुला विचारूनच घातलं असेल.

मला विचारशील तर (तू विचारणार नाहीस, ठाऊक आहे) त्या दिवसानं कुणाचं काय वाईट केलंय? दफनभूमीत एकसष्ट नावं वाचायची, थडग्यांवर फुलं ठेवायची, पेकनचा केक खायचा आणि घरी यायचं. माझ्या खापरपणजोबांचा भाऊ एलायजा त्यातलाच एक. सतरा वर्षांचा होता. एक गोळीसुद्धा न झाडता छावणीत गोवरानं गेला. त्याच्या नावानं दोन फुलं ठेवली तर आभाळ कोसळतं का? लढाई हरलेल्यांना आया नव्हत्या का?

मागच्या वर्षी त्या दिवशी मी दिवसभर दफनभूमीत होते. सगळ्यांनी पाहिलंय.

इमानीला माझा पापा.

तुझी,
मॉडीन

२७ फेब्रुवारी २०२३

प्रिय लुवेनिया,

पार्सल मिळालं. स्वेटर परत पाठवलास आणि रंगपेटी ठेवून घेतलीस, हे मी लक्षात घेतलं. पोरीला रंग आवडले असतील तर माझं काम झालं.

आत एक कागद होता. त्यावर एकच ओळ: "मॉडीनबाई, त्या सोमवारी माझी मुलगी कोर्टात आली होती का?"

लुवेनिया, ऑफिस बंद होतं. बंद ऑफिसात कोण आलं आणि कोण गेलं, कसं सांगणार? वहीत नोंद नाही. शेरीफच्या माणसांनी मागच्या मे महिन्यात विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं, की वहीत नोंद नाही. गावात लोक काहीबाही बोलतात, ते तुझ्या कानावर आलंच असेल. म्हणतात, ती कोर्टाकडे फिरकलीच नाही, आपणहून नवऱ्याकडे, कर्टिसकडे, परत गेली, असल्या बायका परत जातातच. मी असं कधी म्हटलेलं नाही. कुणी माझ्यासमोर म्हटलं तर मी विषय बदलते.

अंत्यविधीच्या दिवशी तुमच्या चर्चच्या स्वयंपाकघरात तू भांडी धूत होतीस, आठवतं? सगळ्या बायका तुला बसवायला बघत होत्या आणि तू हात पाण्यातून काढत नव्हतीस. मला म्हणालीस, "मीच पाठवलं तिला. फोनवर म्हटलं, आत्ताच्या आत्ता कोर्टात जा, मॉडीनबाईंना भेट, त्या कागद करून देतील. बावीस वर्षं तिथं काढली आणि त्या दिवशी सुट्टी असते हे माझ्याच ध्यानात नाही राहिलं." मी बशी पुसत होते. तीच बशी बराच वेळ पुसत राहिले.

तू ही सुट्टी कशी घालवायचीस ते मला माहीत होतं. दरवर्षी घरातले सगळे पडदे काढून धुवायचीस. मंगळवारी ऑफिसात आलीस की मी विचारायचे, "काय गं, सुट्टी कशी गेली?" आणि तू म्हणायचीस, "पडदे स्वच्छ झाले, मॉडीनबाई." एवढंच. मला वाटायचं तुला त्या दिवसाचं काही वाटत नाही. किती सोयीचं होतं ते.

एकदाच बोललीस. दोन हजार नऊ साल असेल. मी त्या एकसष्ट नावांच्या यादीची वही मांडीवर घेऊन नावांचे उच्चार घोकत होते. तू अंडी सोलत होतीस. म्हणालीस, "एक विचारू का? त्या लढाईत माझी माणसं जिंकली ना?"

मी म्हटलं, "तसं बघायला गेलं तर हो."

"मग जिंकल्याची सुट्टी कुठाय आपल्या कोर्टात? तिथं टांगलेल्या कॅलेंडरात मला फक्त हरल्याचीच दिसते."

मी म्हटलं, "सुट्टी हरण्याची नसते गं, दुःखाची असते. एलायजा सतरा वर्षांचा होता."

"रडा की त्याच्यासाठी. मी कुठं नको म्हणतेय? माझ्या पणजीचा एक मुलगा विकला गेला, त्याचं तर नावही कुठल्या वहीत नाही. त्याच्यासाठी मीही रडते. पण मी रडते तेव्हा कुणाच्या दाराला कुलूप लावत नाही." आणि मग तू मला मीठ लावून अर्धं अंडं दिलंस आणि आपण टपालखात्याच्या नव्या माणसाच्या मिशांवर बोलायला लागलो. मी त्या दिवशी घरी जाऊन तुझ्यावर चिडले होते. आज कबूल करते.

कमिशनची जाहीर सभा १४ मार्चला आहे. मी बोलणाऱ्यांच्या यादीत नाव घातलंय. काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही.

मॉडीन

१५ मार्च २०२३

प्रिय लुवेनिया,

सभा काल झाली. टॉल्बर्टनी तुला फोन केलाच असेल, पण ते भले गृहस्थ आहेत, सगळं सांगणार नाहीत. मी सांगते.

वरच्या मोठ्या खोलीत सभा होती. तुमची काळी माणसं डावीकडे, आमची गोरी उजवीकडे. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बसलो तसेच. टॉल्बर्ट आधी बोलले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "दुःख करा. मी स्वतः तुमच्या थडग्यांवर फुलं ठेवायला येईन, कारण मेलेल्याशी माझं भांडण नाही. पण त्या माणसांनी ज्या गुलामगिरीसाठी लढाई केली, तिचा मान म्हणून माझ्या लोकांच्या तोंडावर सरकारी दार का लागावं? जॅनेल पेटवे त्या दिवशी नवऱ्यापासून संरक्षणाचा आदेश मागायला आली होती. दार बंद होतं. साडेचार वाजता कपडे धुण्याच्या दुकानाबाहेर त्यानं तिला गोळी घातली."

त्यावर कमिशनर स्ट्रिकलंड उठला. तुला तो ठाऊक आहे, पाच मिनिटं बोलायची म्हणजे आधी दहा मिनिटं पँट वर ओढणार. म्हणाला, "पोरीचं फार वाईट झालं. पण ती आली होती म्हणून कोण सांगतं? आहे कुणी पाहिलेला? कुठं नोंद आहे? एका माणसाच्या पापाचं खापर आमच्या पणजोबांच्या थडग्यावर फोडू नका. हरलेल्यांना रडायचासुद्धा हक्क नाही का या देशात?" उजवीकडे टाळ्या पडल्या.

मग जज हॉलिस म्हणाले, "मी त्या दिवशी सकाळपासून याच आवारात होतो. माझ्याकडे कुणीही आलं नाही. आलं असतं तर मी सही केली असती." हे खरं आहे. त्यांच्याकडे कुणीच आलं नाही.

मग माझं नाव पुकारलं.

मी उठले. ऑफिसची चावी पर्समध्ये होती, ती हाताला लागली. डावीकडे पुढच्याच बाकावर तुझी धाकटी जाऊ बसली होती, जॅनेलचा फोटो मांडीवर घेऊन. शाळेचा गाऊन घातलेला फोटो. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून एलायजा निघाला. सतरा वर्षांचा होता. गोवर झाला होता. पायात बूट नव्हते. मी चांगलं बोलले, लुवेनिया. दोन बायका रडल्या. स्ट्रिकलंडनं उठून माझा हात हातात घेतला.

चार विरुद्ध एक. यंदाही कुलूप लागणार.

खाली येताना टॉल्बर्ट जिन्यात थांबले होते. मला वाटलं काही लागेलसं बोलतील. म्हणाले, "सांभाळून उतरा, मिसेस हॅल्सी, पायरी ओली आहे."

घरी आले, जेवले नाही. सकाळी उठून हे लिहिते आहे आणि आता आडून आडून बोलण्यात अर्थ नाही. तू एक ओळ विचारली होतीस. तिचं उत्तर एका ओळीचं आहे, आणि ते मला द्यायला अकरा महिने लागले.

हो, ती आली होती. दार मी उघडलं.

मॉडीन

२ एप्रिल २०२३

लुवेनिया,

तुझं उत्तर आलं नाही. मी अपेक्षाही ठेवली नव्हती. चर्चमधून आले आहे, टोपीसुद्धा उतरवलेली नाही. टोपी उतरवली की मी चहा करीन, आणि चहा केला की उद्यावर टाकीन. स्वतःला ओळखते मी.

काय झालं ते क्रमानं लिहिते, साक्षीदाराकडून लिहून घेतात तसं.

यादीची वही आपल्या कागदपत्रांच्या तिजोरीत असते, हे तुला माहीत आहे. माझ्या आजीच्या वेळेपासून तिथंच, आगीपासून सुरक्षित म्हणून. दरवर्षी त्या सोमवारी सकाळी मी बाजूच्या काचेच्या दारानं आत जाते, वही घेते आणि पाठीमागच्या दफनभूमीत जाते. मागच्या वर्षी २५ एप्रिलला मी साडेआठला आत गेले. वही घेतली. बादलीत आयरिसची फुलं होती, माझ्या बागेतली, ती कोमेजू लागली होती म्हणून मी घाईत होते. आठ वाजून चाळीस मिनिटांनी काचेवर टकटक झाली. भिंतीवरचं घड्याळ मी पाहिलं होतं.

जॅनेल होती. काळा चष्मा घातला होता. सकाळचं ऊन त्या बाजूला नसतं. गाडी अगदी दारासमोर लावली होती, इंजिन चालू. इमानी मागच्या सीटवर होती. तिनं मला हात केला, मीही केला.

मी दार उघडलं, पण हातभरच, आणि पाय मध्ये ठेवला. जॅनेलला म्हटलं, "अगं, आज बंद आहे."

ती म्हणाली, "मॉडीनबाई, मम्मीनं पाठवलंय. तो फॉर्म पाहिजे. संरक्षणाचा."

"आज सुट्टी आहे, बाळा. उद्या आठला ये. मी सगळ्यात आधी तुझंच करीन."

तिनं चष्मा काढला. ते मी इथं लिहीत नाही. शवविच्छेदनाच्या अहवालात आहे, तू वाचलं आहेस.

"फॉर्म तिसऱ्या खणात आहे ना अजून? मी इथंच उभ्याउभ्या भरते. तुम्ही फक्त शिक्का मारा."

"शिक्का मारून काय होतंय? सही जजसाहेबांची लागते."

"ते आज येणारच आहेत ना दफनभूमीत? भाषण त्यांचंच असतं."

तिला सगळं माहीत होतं, लुवेनिया. ती आपल्या काउंटरखाली वाढली. मी म्हटलं, "तिथं सगळ्यांसमोर, तसल्या दिवशी, असले कागद कसे पुढे करायचे? काही रीत असते." हे शब्द मी बोलले. 'रीत' म्हटलं मी.

तेव्हा ती म्हणाली, "केली ॲनसाठी तुम्ही उघडलं होतं."

तुला केली ॲन आठवत असेलच. औषधांच्या दुकानवाल्याची मुलगी. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, दोन हजार अकरा. ऑफिस बंद होतं. तिच्या बापानं मला घरी फोन केला, मी तुला केला, तू हाताला पीठ लागलेलं असतानाच आलीस आणि टाइप केलंस. मी कागद घेऊन जजच्या घरी गेले, त्यांनी जेवणाच्या टेबलावर, टर्कीच्या हाडांशेजारी सही केली. दोन तासांत शेरीफची माणसं तिच्या नवऱ्याच्या दारात उभी होती. ती मुलगी आज जिवंत आहे, तिला तिसरं बाळ झालं. तुला त्या दिवशी गाडीनं ऑफिसात कुणी सोडलं होतं? जॅनेलनं. वीस वर्षांची होती ती. बाहेर गाडीत बसून तिनं सगळं पाहिलं होतं.

मी तिला म्हटलं, "ते वेगळं होतं."

तिनं विचारलं नाही, कसं वेगळं. फक्त माझ्याकडे बघितलं. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं याचा मी वर्षभर विचार करते आहे. फुलं सुकत होती, हे एक. आमच्या स्मृतिदिन मंडळाच्या बायका साडेनऊला येणार होत्या. आणि तिसरं असं की केली ॲनचा बाप मला फोन करू शकत होता आणि मी त्याला नाही म्हणू शकत नव्हते. जॅनेलला मी नाही म्हणू शकत होते. म्हणून म्हटलं. माझ्या मनात तिच्याविषयी वाईट काही नव्हतं. वाईट मनात असावंच लागतं असं नाही, एवढं मला आता कळलंय.

मी म्हटलं, "घरी जा, थोडं बर्फानं शेकून घे, पोरीला खायला घाल. उद्या आठला." आणि दार लावलं.

आणखी एक आहे. ते सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. दफनभूमीत संडास नाही. म्हणून त्या दिवशी साडेनऊपासून बारापर्यंत मी ते काचेचं दार आमच्या मंडळाच्या बायकांसाठी उघडं ठेवते, तळाशी वीट लावून. वर्षानुवर्षं ठेवत आले. तेव्हा दार बंद होतं हे खरं नाही. मागच्या वर्षीही उघडं होतं. दहाला दहा कमी असताना जज हॉलिस स्वतः आत येऊन हात धुऊन गेले. त्या नळापासून तिसरा खण वीस पावलांवर आहे. मी वही छातीशी धरून तिथंच उभी होते. ते म्हणाले, "काय फुलं आहेत, मॉडीन!" मी म्हटलं, "बागेतली आहेत." मला त्यांना सांगता आलं असतं. तेव्हाही वेळ गेली नव्हती. जवळजवळ सात तास हातात होते.

मग मी एकसष्ट नावं वाचली. प्रत्येक नावाला घरच्या माणसांनी उत्तर दिलं, "घरी आला नाही." तुला ती पद्धत माहीत आहे, खिडकी उघडी असली तर तुमच्या रस्त्यापर्यंत ऐकू येते असं तूच म्हणाली होतीस. एकही उच्चार चुकला नाही माझा.

सोबत शपथपत्र आहे. वर लिहिलंय ते सगळं त्यात आहे. आपल्या ऑफिसात कुणाला कळू नये म्हणून शेजारच्या काउंटीत जाऊन नोटरीसमोर सही केली, पानापानावर. तीन प्रती आहेत, तिन्ही पाठवते. त्यातली एक टॉल्बर्टना दे, वर्तमानपत्राला दे, वकिलाला दे, जाळून टाक, तुझी मर्जी. मी ते सभेत बोलायला हवं होतं आणि माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. आता माझ्या हिमतीवर काही अवलंबून राहू नये एवढ्यासाठी ते तुझ्या हातात देते आहे.

मला वाटत होतं, हे सांगितल्यानं तुझ्या मनावरचं थोडं तरी उतरेल. तू तिला चुकीच्या दिवशी पाठवलं नव्हतंस. ती योग्य दाराशी आली होती. तिथं माणूस होतं.

मॉडीन हॅल्सी

२४ एप्रिल २०२३
चौथा सोमवार

लुवेनिया,

तुझं कार्ड शनिवारी आलं. मी ते इथं उतरवून काढते. मला ते पाठ आहे, पण लिहून बघितलं की पळवाट राहत नाही.

"मॉडीनबाई, कागद मिळाले. टॉल्बर्टना दिले. इमानीनं मला दफनाच्याच दिवशी सांगितलं होतं, काचेच्या दारातल्या बाईनं हात केला म्हणून. मी शेरीफना सांगितलं, पण पाच वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं? तुम्ही कधी सांगता ते बघत होते. चर्चच्या स्वयंपाकघरात मी ते तुमच्यासमोर मुद्दाम बोलले होते. एक तुम्ही लिहिलेलं नाही. जाताना ती काय म्हणाली? तेवढं लिहा. मग मला पत्र पाठवू नका."

म्हणजे मी बशी पुसत होते तेव्हा तुला माहीत होतं. मी स्वेटर धुऊन पाठवला तेव्हाही. आणि वर मी तुझ्या मनावरचं ओझं उतरवायला निघाले होते.

आधी इकडचं सांगते, कारण यापुढे सांगायला मिळणार नाही. शपथपत्र बुधवारच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आलं. गुरुवारी मंडळाच्या बायका आल्या आणि यादीची वही घेऊन गेल्या. मिसेस डॅल्टन म्हणाल्या, "मॉडीन, तू आपल्याच माणसांवर उलटलीस." मी म्हटलं, "माझी माणसं कोण, याचाच तर घोळ झालाय, बाई." जज हॉलिस माझ्याशी बोलत नाहीत. कमिशनची परत सभा लागली आहे, मे महिन्यात. स्ट्रिकलंड म्हणतो, म्हातारीचं डोकं फिरलंय. टॉल्बर्ट म्हणतात, आता तीन मतं मिळतील. मिळाली तर पुढच्या वर्षी दार उघडं राहील. मी मात्र नसेन. या महिन्याच्या अखेरीला मला ऑफिसची चावी परत करायला सांगितलंय.

आज अजून ती माझ्याकडे आहे. म्हणून साडेआठला आले, काचेचं दार उघडलं आणि खुर्ची घेऊन आत बसले. तिसऱ्या खणातले फॉर्म काउंटरवर काढून ठेवलेत. कुणी विचारलं नव्हतं, परवानगीही नाही. आठ चाळीसला मी काचेकडे बघितलं. मग नऊला. पार्किंगमध्ये एक मांजर होतं, बाकी कुणी नाही. बायका यंदा मेथडिस्ट चर्चचा संडास वापरताहेत, वळसा घालून जातात पण इकडे बघत नाहीत.

दहाला भोंग्यातून नावं सुरू झाली. मिसेस डॅल्टन वाचत होत्या, निम्मे उच्चार चुकत होते. एलायजाचं नाव सदतिसावं असतं. त्याला उत्तर द्यायला आमच्या घरचं आता दुसरं कुणी उरलेलं नाही, ते मीच देते. नाव झालं आणि तिकडे सगळं गप्प राहिलं. मग त्या पुढचं नाव वाचायला लागल्या. मला एलायजासाठी वाईट वाटलं, खोटं का सांगू. त्या पोराला अजूनही फुलं द्यावीत असंच मला वाटतं. मी रविवारी जाऊन देईन, माझ्या पायांनी, माझ्या वेळात. त्यासाठी कुणाचं दार लावायचं कारण नव्हतं. हे तू मला अंडं सोलताना सांगितलं होतंस.

आता तुझं उत्तर. ते मी शपथपत्रात घातलं नाही, कारण कायद्याला ते लागत नव्हतं. मी स्वतःला असं सांगितलं. खरं म्हणजे ते लिहायला माझा हात धजत नव्हता.

मी म्हटलं, "उद्या आठला." मग तिनं चष्मा परत घातला, केस कानामागे घेतले, तू घ्यायचीस तसे. माझ्या हातातल्या बादलीकडे तिचं लक्ष गेलं आणि दार मला एका हातानं ओढता येईना म्हणून तिनंच ते बाहेरून ढकलून लावायला मदत केली. काच लागता लागता म्हणाली, "बरं, मॉडीनबाई. थँक यू."

तू तिला तसंच वाढवलं होतंस.

मॉडीन